नवी गाडी घेऊ की हीच ट्यून करू? नायट्रो टूरिंग कारचं गणित

आज विषय रिमोटच्या गाड्यांचा, पण बॅटरीवाल्या नाहीत. खऱ्या इंधनावर पळणाऱ्या, धूर सोडणाऱ्या, शेजाऱ्यांची झोप उडवणाऱ्या नायट्रो टूरिंग कार. या छंदातल्या नव्या मुलांचा मला हमखास येणारा प्रश्न एकच असतो: "दादा, माझी गाडी ट्रॅकवर मागे पडते. दुसरी कुठली घेऊ?" माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. बहुतेक वेळा कुठलीच नको. आहे ती नीट लावा. का, ते आता ऐका.

ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ही गाडी खऱ्या गाडीच्या साधारण एक दशांश आकाराची. रुंदी २०० मिलिमीटर, चारही चाकांना ताकद. इंजिन टू-स्ट्रोक, आणि स्पर्धेत त्याची मर्यादा २.११ सीसी. म्हणजे ११० सीसीच्या स्कूटरच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढं. पण मिनिटाला ३५-४० हजार फेरे मारतं! इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण. स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. त्यातली प्लॅटिनमची तार सुरुवातीला बॅटरीने तापवायची. नंतर मिथेनॉलबरोबरच्या प्रक्रियेमुळे ती स्वतःच लाल राहते.

आता तुलना. ढोबळमानाने दोन जाती आहेत. पहिली, डब्यातून काढून पळवायची. क्योशोची एफडब्ल्यू-०६ किंवा एचपीआयची नायट्रो आरएस४ ३ या त्यातल्या. रबरी टायर, मोजकीच ॲडजस्टमेंट, शिकायला उत्तम. दुसरी, अस्सल रेसची. जपानच्या क्योशोची व्ही-वन ट्रिपल आर, जपानच्याच मुगेनची एमटीएक्स मालिका, मूळच्या डच सर्पंटची सातशे क्रमांकांची मालिका, स्लोव्हाकियाच्या एक्सरेची एनटी१. यांना फोमचे टायर, दोन गिअर, आणि सेंटॅक्स नावाचा क्लच. हा क्लच सर्पंटने आणला आणि मग सगळ्यांनीच उचलला.

गंमत इथेच आहे. दुसऱ्या जातीतल्या गाड्या शेजारी ठेवून बॉडी काढली तर आतली मांडणी बरीचशी सारखी दिसते. ताकद बेल्टने पुढे-मागे जाते, सस्पेन्शनचे भाग जवळपास तेच. फरक असतो तो ॲडजस्ट करायच्या सोयीत आणि पार्ट मिळण्यात. म्हणून विकत घेताना "फास्ट कुठली" हे विचारू नका. "आर्म तुटला तर किती दिवसांत मिळेल" हे विचारा. तुमच्या ट्रॅकवर जी गाडी जास्त जणांकडे आहे, तीच तुमच्यासाठी चांगली. रविवारी सकाळी पार्ट उसना तिथूनच मिळतो.

बरं, मग सारख्याच गाड्यांमध्ये एक पुढे आणि एक मागे का? कारण नायट्रो गाडी रेस चालू असतानाच बदलत जाते. सगळ्या ट्यूनिंगचं मूळ या एका वाक्यात आहे, म्हणून आकड्यांत सांगतो.

स्पर्धेत टाकी ७५ सीसीची. ती भरलेली असताना साधारण ६५ ग्रॅमचं जास्तीचं ओझं, आणि दर चार-पाच मिनिटांनी ते संपतं आणि परत चढतं. फोमचे टायर तर डोळ्यांदेखत झिजतात. धरा, मागचा टायर ६२ मिलिमीटरचा होता आणि शेवटी ५८ चा उरला. चार मिलिमीटर काही मोठी गोष्ट वाटत नाही ना? पण चाकाच्या एका फेऱ्यात गाडी आता साडेसहा टक्के कमी अंतर कापते. म्हणजे न बदलता गिअरिंग बदललं. शिवाय त्रिज्या दोन मिलिमीटरने घटली, म्हणून चेसिस दोन मिलिमीटर खाली आलं. जिथे जमिनीपासूनची उंचीच मुळात पाच-सहा मिलिमीटर असते, तिथे दोन म्हणजे फार झालं.

म्हणून जी गाडी पहिल्या लॅपला सगळ्यात वेगवान असते, ती शेवटच्या लॅपला बऱ्याचदा नसते. आपल्याला शेवटच्या लॅपसाठी ट्यून करायचंय.

करायचं कसं? क्रम महत्त्वाचा. आधी इंजिन, मग क्लच-गिअर, मग टायर, आणि सस्पेन्शन सगळ्यात शेवटी. लोक नेमके उलटे जातात. इंजिन अडखळत असतं आणि हे स्प्रिंग बदलत बसतात.

इंजिनचं म्हणजे कार्ब्युरेटरच्या सुयांचं. हाय-स्पीड नीडल आणि लो-स्पीड नीडल. इंधन जास्त झालं की रिच, कमी झालं की लीन. लीन केलं की इंजिन थोडा वेळ भन्नाट पळतं, आणि तिथेच मोह होतो. पण वंगणाचं तेल इंधनातच मिसळलेलं आहे! इंधन कमी म्हणजे तेलही कमी. पिस्टन आणि स्लीव्ह खराब झाले की इंजिनातला सगळ्यात महाग भाग गेला. म्हणून नेहमी रिचकडून सुरुवात करा. एका वेळी नीडल एक अष्टमांश फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका. सरळ पट्ट्यावर पूर्ण थ्रॉटलला धुराची बारीक रेघ दिसलीच पाहिजे. डोक्याचं तापमान साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअस ठीक. पण तो आकडा म्हणजे देव नाही. धूर, आवाज आणि तापमान, तिघांची साक्ष जुळली तरच खरं.

लो-स्पीडसाठी सोपी चाचणी. गरम इंजिन आयडलला ठेवून कार्ब्युरेटरजवळची इंधनाची नळी चिमटीत दाबा. आवाज किंचित चढून दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद पडलं तर बरोबर. लगेच मेलं तर लीन. बराच वेळ चढत राहिलं तर रिच.

आणि हवा! पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी. मुंबईत लावलेली सेटिंग घाट चढून पुण्यात आली की रिच वाटणार. उलटं जास्त धोक्याचं. पुण्याची सेटिंग तशीच मुंबईत नेली तर लीन. तसंच दुपारच्या उन्हात लावलेलं इंजिन थंडीच्या सकाळी लीन होतं, कारण थंड हवा दाट असते. सकाळी नीडल थोडी रिच करूनच सुरू करा. त्याआधी इंजिन हेअर ड्रायरने कोमट करून घ्या, कारण थंड असताना स्लीव्ह वरच्या टोकाला पिस्टनला घट्ट आवळते.

क्लच-गिअर लवकर आटोपतो. दुसरा गिअर लवकर पडला तर गाडी मरगळते, उशिरा पडला तर इंजिन नुसतं किंचाळतं. कोपऱ्यातून बाहेर पडून गाडी सरळ झाली की बदल व्हावा, मध्यावर नाही.

मग टायर. रेस झाली की पुसून फेकू नका, वाचा. आतली कड जास्त झिजली तर निगेटिव्ह कॅम्बर जास्त आहे. बाहेरची झिजली तर कमी. सपाट झिजेपर्यंत अर्धा-अर्धा अंश बदला. पुढच्या-मागच्या टायरचा व्यास दर वेळी कॅलिपरने मोजून लिहा. दोन्ही टोकं बेल्टने बांधलेली आहेत, त्यामुळे व्यासांचं गुणोत्तर बिघडलं की गाडीचा स्वभावच बदलतो.

शेवटी हाताळणी. इथे मोठा निर्णय एकच. पुढे वन-वे की सॉलिड ॲक्सल? वन-वेने गाडी कोपऱ्यात झपकन शिरते, पण ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो आणि शेपूट सुटते. सॉलिडमध्ये चारही चाकं ब्रेक घेतात, गाडी शहाण्यासारखी वागते, थोडी कमी वळते. नवीन आहात तर सॉलिड. पाऊण तास चुका न करता चालवता येणं, हे एका चपळ लॅपपेक्षा मोठं आहे.

आणि नियम एकच: एका वेळी एकच बदल. मी दिवसभर कोडमधले बग शोधतो, तिथेही हेच. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर नक्की कशाने सुधारली ते कळतच नाही. वहीत लिहा: तारीख, वेळ, तापमान, नीडल, टायरचा व्यास. पाच रविवारांत ती वही कुठल्याही महागड्या किटपेक्षा जास्त कामाची होते.

जाण्याआधी एक गंभीर गोष्ट, हसण्यावारी नेऊ नका. या इंधनातलं मिथेनॉल विष आहे. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं गेली, ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूनेच. इंधन कधीच पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरू नका, घरात लहान मुलं असतात. हातमोजे घाला, बंद खोलीत इंजिन चालवू नका. मिथेनॉलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, म्हणून आग विझवायचं साधन जवळ हवंच. विमानात तर हे नेताच येत नाही. आणि युरोपात राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांनी लक्षात ठेवा, तिथे १६ टक्क्यांहून जास्त नायट्रोमिथेन असलेलं इंधन सामान्य ग्राहकाला परवान्याशिवाय मिळत नाही.

तर पुढच्या वेळी गाडी मागे पडली की आधी वही उघडा, मग पाकीट. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपल्या गाडीबद्दल व्हायला नको. पुढच्या भागात नवीन इंजिनचं रन-इन कसं करायचं ते बोलू. तोवर नीडल रिच ठेवा, भेटू!