हाताला विश्रांती, मग हत्यार
पिंपळी-बारामती भागात ट्रॉलीचं वेल्डिंग घासताना ग्राइंडर निसटला, की बोट वाकवणारा स्नायूबंधच तुटू शकतो. शस्त्रक्रियेनं तो जोडला, की टाके दोनेक आठवड्यांत निघतात आणि तिथंच घात होतो. कातडी जुळली तरी आतला जोड कच्चाच असतो. साधारण 6 आठवडे स्प्लिंट, सोबत शिकवलेले व्यायाम. जड काम 12 आठवड्यांनंतर, तेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. आधी हातानं नट फिरवून पाहा. थरथरणारा ग्राइंडर सगळ्यात शेवटी, गार्ड बसवूनच! ड्रिल मशीनवर हातमोजे नकोत, फिरतं बिट ते हातासकट ओढतं. आणि रोजीरोटीचं काय? कामगार राज्य विमा असलेल्याला कामावरच्या दुखापतीत तात्पुरत्या अपंगत्वासाठी वेतनाच्या सुमारे 90 टक्के लाभ मिळतो. अपघाताची नोंद मात्र लगेच करून घ्या.