ड्रमवरचं नाव

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेलं भाषण)



गणपतीत नाट्यगीतं ऐकायला आलेल्यांना केमिकलच्या ड्रमांबद्दल ऐकवणं हा थोडा जुलूमच आहे. पण कार्यवाहांचा आग्रह पडला, कारण बडोद्यातल्या आपल्या बऱ्याच घरांतला एक तरी जण नंदेसरी, अंकलेश्वर नाहीतर दहेजला नोकरीला असतो आणि तिथला पुष्कळ माल समुद्रापार जातो. आम्ही राज्य सरकारच्या कारखाना-सुरक्षेच्या कामात आहोत. आमचा अधिकार कारखान्याच्या फाटकापर्यंत. पुढचं कस्टम्स, जहाज केंद्राकडे. तरी गल्लीतली मुलं फाटकाबाहेरचे प्रश्नही आम्हालाच विचारतात.

असाच एक मुलगा एकदा रात्री घरी आला. एका कारखान्यात डिस्पॅचला होता. म्हणाला, "काका, ब्लीचिंग पावडरचे ड्रम परदेशी जायचेत. शेठ म्हणतात, कागदावर ‘क्लीनिंग पावडर’ लिही. भाडं कमी लागतं, जहाजात जागा लगेच मिळते. आणि खोटं तरी कुठे आहे? सफाईलाच वापरतात ना?"

आता, गटारावर टाकतो तीच ही पावडर, त्यामुळे आपल्याला तिची भीती वाटत नाही. पण ही कॅल्शियम हायपोक्लोराइटची जात. ड्रमच्या ड्रम बंद कंटेनरमध्ये तापले की ती आपोआप फुटू लागते, उष्णता आणि ऑक्सिजन सोडते. एकदा आग लागली की हवा कोंडून ती विझत नाही, कारण ऑक्सिजन मालातूनच येतो. म्हणून आयएमडीजी कोड, म्हणजे समुद्रमार्गे धोकादायक माल नेण्याची आंतरराष्ट्रीय नियमावली, सांगते की हा माल उन्हापासून आणि इंजिनाच्या उष्णतेपासून लांब ठेवा. ही नियमावली २००४ पासून बंधनकारक आहे. ‘क्लीनिंग पावडर’ लिहिलं तर जहाजावर जागा ठरवणाऱ्याला यातलं काय कळणार? तो कंटेनर खाली, गरम केलेल्या इंधनटाकीला लागूनही ठेवून देईल. त्याची काही चूक नाही.

त्यासाठीच प्रत्येक मालाला संयुक्त राष्ट्रांचा चार आकडी नंबर आणि ठरलेलं नाव असतं. गंधकाम्ल १८३०, नायट्रिक ॲसिड २०३१. रस्त्यावर टँकरच्या मागे हे आकडे आपण रोज बघतो. व्यापारी नाव, लाडकं नाव चालत नाही. ड्रमवरच्या खुणा तीन महिने समुद्रात बुडून राहिल्या तरी ओळखता आल्या पाहिजेत, असाही नियम आहे. आम्ही तो पहिल्यांदा वाचला तेव्हा हसलो होतो. पण कंटेनर समुद्रात पडतात, किनाऱ्याला लागतात, आणि ते उघडणारा कोळी आपली भाषा जाणत नाही.

ड्रमचंही तसंच. चाचणी झालेला, यूएनची खूण असलेलाच हवा. प्लास्टिकचा ड्रम साधारणपणे बनल्यापासून पाच वर्षं चालतो. ५५ टक्क्यांहून तीव्र नायट्रिक ॲसिडसाठी फक्त दोन. बनवल्याचा महिना आणि साल ड्रमवरच उठवलेलं असतं. ते वाचायची सवय मात्र फार थोड्यांना.

नायट्रिक ॲसिडवरून एक्स-प्रेस पर्लची आठवण होते. २०२१ च्या मे महिन्यातली गोष्ट. नवं कोरं जहाज, त्यावर २५ टन नायट्रिक ॲसिड, आणि एक कंटेनर गळतोय हे खलाशांना कळलेलं. कतारच्या हमाद बंदराने तो उतरवून घेतला नाही, आपल्या हजिऱ्यानेही नाही. जहाज कोलंबोला पोचलं आणि २० मे रोजी पेटलं. आग या गळतीनेच लागल्याचा संशय होता. २ जूनला ते बुडालं. प्लास्टिकचे सुमारे १,६८० टन दाणे समुद्रात गेले आणि श्रीलंकेच्या कोळ्यांची मासेमारी बंद पडली. हजिरा आपल्यापासून किती लांब? सकाळी निघालं तर जेवायला सुरतेला. गळका कंटेनर एकदा निघाला की त्याला कोणी दारात उभं करत नाही, म्हणून तो इथेच, भरतानाच बघायचा.

त्या मुलाला आम्ही एवढंच विचारलं, "डिक्लरेशनवर सही कोणाची?" म्हणाला, "माझीच." मग बराच वेळ गप्प बसला. हिने दिलेला चहाही तसाच राहिला.

त्याने खरं नाव लिहिलं. जहाज चुकलं, पुढचं मिळायला पंधरा दिवस गेले, शेठ सगळ्यांसमोर नको ते बोलले. तीन महिन्यांत त्याची नोकरी गेली. घरी आई आणि शिकणारी बहीण. त्या दिवसांत आम्हाला त्याच्या दारावरून जायला जड व्हायचं, हे कबूल करतो. आता तो दुसरीकडे लागला आहे, तिथेही डिस्पॅचलाच.

आरतीनंतर आम्ही मंडपातच आहोत. कोणाकडे ड्रमचे, लेबलचे फोटो मोबाइलवर असतील तर घेऊन या, मिळून बघू. चष्मा आणला आहे.