अडखळणारा हात



स्वमग्न मुलाचे बोलणे-वागणे सर्वांच्या नजरेत भरते. त्याच्या हाताकडे क्वचितच लक्ष जाते. व्हिएन्नाच्या हान्स आस्पेर्गर यांनी अशा मुलांच्या अवघडलेल्या हालचालींची नोंद १९४४ मध्येच केली होती. सदऱ्याची गुंडी लावणे, वरणभात कालवणे, पेन्सिलीवर बेताचा दाब देणे, यांत अनेकांच्या डोळ्याचा व हाताचा मेळ बसत नाही. हा आळस नव्हे, हट्टही नव्हे. व्यवसायोपचार तज्ज्ञांच्या सल्ल्याने जाड पेन्सिल, उतरती पाटी असे साधे उपाय करून पाहता येतात. गणेशोत्सवापूर्वी शाडूही मळू द्यावा. मूर्ती ओबडधोबड झाली म्हणून गणराय रागावत नाहीत!

बंगळूरला शाळेत कन्नड व इंग्रजी अक्षरे गिरवून हात थकतो, आणि मग घरात प्रथम मराठीच सोडली जाते. हे आम्हांस पटत नाही. भाषा आधी कानात रुजते. न बोलणारे मूलही ऐकत असते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात परीक्षेसाठी लेखनिक व जादा वेळ यांची तरतूद आहे. मंडळाच्या निबंधस्पर्धेतही मुलाने सांगावे व दुसऱ्याने लिहावे, एवढी मुभा या सुवर्णमहोत्सवी वर्षापासून मिळावी, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे.