वनपर्यटन : स्थळाची निवड आणि आपले कर्तव्य



कापसाचा जिल्हा म्हणून यवतमाळची ओळख जुनी आहे. अलीकडे तिच्यात वाघाच्या ओळखीची भर पडली आहे. नागपूर–हैदराबाद महामार्गावरील पांढरकवड्याला आता बाहेरगावचे प्रवासी टिपेश्वर अभयारण्याचा रस्ता विचारीत येतात. त्यामुळे जंगल पाहावयास कोठे जावे, केव्हा जावे, काय पाहावे हे प्रश्न आपणा सर्वांकडे येतात. शिक्षकांना शाळेची सहल न्यावयाची असते, अधिकाऱ्यांना पाहुण्यांची सोय करावयाची असते आणि पंचांच्या गावावरूनच या गाड्या जातात. म्हणून या विषयाचा थोडा तपशिलाने विचार करणे अगत्याचे आहे.

हेतू आधी, स्थळ नंतर

महाराष्ट्रात आज सहा व्याघ्र प्रकल्प आहेत : मेळघाट, ताडोबा–अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव–नागझिरा आणि बोर. त्यांपैकी सह्याद्री वगळता सर्व विदर्भात आहेत. प्रत्येकाची प्रकृती निराळी आहे. ताडोबा–अंधारी प्रकल्पाचे क्षेत्र सुमारे १,७२७ चौरस किलोमीटर असून तेथे व्याघ्रदर्शनाची शक्यता अधिक असते. साहजिकच गर्दीही अधिक असते. १९७३ साली देशात प्रथम निवडलेल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असलेल्या मेळघाटात वाघ सहजी दिसत नाही. परंतु सातपुड्याच्या डोंगररांगा, खोल दऱ्या आणि विस्तीर्ण सागवन पाहावयाचे असेल तर मेळघाटासारखे स्थळ नाही.

आपल्या जिल्ह्यात टिपेश्वर आणि पैनगंगा ही दोन अभयारण्ये आहेत. टिपेश्वर १९९७ साली घोषित झाले. त्याचा विस्तार सुमारे १४८ चौरस किलोमीटर, म्हणजे बेताचा आहे. साग, ऐन, तेंदू, मोह, पळस यांचे हे रान केळापूर व घाटंजी तालुक्यांत पसरले आहे. वाघाखेरीज बिबट, अस्वल, तडस, चितळ, सांबर, नीलगाय ही जनावरे तेथे आहेत. उमरखेड तालुक्यातील पैनगंगा अभयारण्य त्यामानाने अपरिचित आहे. ज्यांना नदीकाठचे शांत अरण्य, पक्षी आणि सहस्रकुंडाचा धबधबा पाहावयाचा आहे, त्यांनी त्या बाजूचा विचार अवश्य करावा.

पहिल्या प्रथम स्वतःस विचारावे की, आपणांस एक वाघ पाहावयाचा आहे की एक अरण्य? केवळ वाघासाठी गेलेला प्रवासी वाघ न दिसल्यास फसवले गेल्यासारखा परततो. अरण्यासाठी गेलेल्यास चितळाची इशाऱ्याची हाक, वाळूतील ठसा, अस्वलाने उकरलेले वारूळ यांतूनही पुष्कळ काही मिळते.

ऋतू, वाहन आणि वाटाड्या

पावसाळ्यात, साधारणतः जुलै ते सप्टेंबर, जंगलांचा गाभा पर्यटनास बंद असतो. दिवाळीनंतर रान हिरवे असते, हवा सुखद असते, पक्षी पुष्कळ दिसतात. परंतु गवत उंच असल्यामुळे मोठी जनावरे सहसा दृष्टीस पडत नाहीत. फाल्गुनात पळस फुलतो आणि सागाची पानगळ होऊन रान उघडे पडते. एप्रिल–मे महिन्यांत जनावरे पाणवठ्यांवर येतात, म्हणून दर्शनाची शक्यता सर्वांत जास्त असते. मात्र विदर्भाचे ऊन लहान मुलांना व वृद्धांना सोसण्यासारखे नसते. शाळेच्या सहलीस डिसेंबर ते फेब्रुवारी हाच काळ योग्य होय.

प्रवेशाची नोंदणी आगाऊ करावी आणि आठवड्याच्या सुट्टीचा दिवस आधी पाहून ठेवावा. टिपेश्वरला सुन्ना आणि माथनी अशी वेगवेगळी प्रवेशद्वारे आहेत. आपली नोंदणी कोणत्या द्वाराची आहे, हे निघण्यापूर्वी तपासावे. एका दिवशी दोन फेऱ्यांची दगदग करण्यापेक्षा एक मुक्काम करून सकाळची एकच फेरी शांतपणे करणे चांगले. वाटाड्या स्थानिक असतो. त्याचे ज्ञान हीच या सहलीतील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. त्यास “वाघ दाखव” असा तगादा लावण्याऐवजी झाडांची नावे, पाऊलखुणा, आवाज यांविषयी विचारावे.

हा तगादा किती महागात पडतो, याचे उदाहरण दूरचे नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड–पवनी–कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला व तिच्या पाच बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडविले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. चालक व वाटाडे यांच्यावर कारवाई झाली. परंतु गाडी पुढे घेण्याचा आग्रह पुष्कळदा मागच्या आसनावरून होत असतो, हे आपण विसरू नये.

वाघ आणि गाव

आता मी या विषयाच्या अधिक गंभीर बाजूकडे वळतो. ज्या वाघाच्या दर्शनासाठी प्रवासी पैसे मोजतो, त्याच वाघाच्या भीतीने आपल्या जिल्ह्यातील शेतकरी सायंकाळी शेतातून लवकर परततो. राळेगाव–पांढरकवडा परिसरात तेरा माणसांच्या मृत्यूंचा संबंध टी–१ या वाघिणीशी जोडला गेला आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती गोळीने मारली गेली. तिच्या मृत्यूवर देशभर वाद झाला. ज्या घरांतील माणसे गेली, त्यांची नावे मात्र त्या वादात क्वचितच कोणी उच्चारली.

याच जिल्ह्याने दुसरीही एक घटना पाहिली. टिपेश्वरमध्ये जन्मलेल्या एका तरुण वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावण्यात आली. त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या तोंडाशी तो निघाला आणि शेते, ओढे, रस्ते ओलांडीत, तेलंगणाच्या सीमेत जाऊन परत येऊन, वर्षअखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. कॉलर काढेपर्यंत त्याची चाल सुमारे ३,००० किलोमीटर भरली. या साऱ्या प्रवासात तो बहुतांशी माणसांच्या वस्तीजवळून गेला. रात्री चालला, दिवसा दडून राहिला.

या दोन घटना एकत्र पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. वाघाचे रान अभयारण्याच्या फलकापाशी संपत नाही. ते आपल्या शेताच्या बांधापर्यंत येते. म्हणून वाघाचे रक्षण शेवटी काठावरच्या गावांच्या संमतीवर अवलंबून आहे. ही संमती टिकावयाची तर पर्यटनाचा पैसा गावात उतरला पाहिजे. सहल निवडताना हीही एक कसोटी लावावी : मुक्काम कोणाकडे आहे, स्वयंपाक कोण करतो, गाडी कोणाची, वाटाड्या कोठला? ज्या मुक्कामात गावातील महिलांच्या हातची ज्वारीची भाकरी मिळते, तो मुक्काम दूरच्या भांडवलावर उभ्या असलेल्या झगमगाटापेक्षा सर्वांच्याच हिताचा आहे.

काही सूचना

ग्रामपंचायतींनी प्रवाशांसाठी घरगुती निवासाची, स्वच्छतागृहांची व कचऱ्याच्या विल्हेवाटीची व्यवस्था स्वतःकडे घ्यावी. रात्रीचे ध्वनिक्षेपक आणि प्रखर दिवे यांबाबत ग्रामसभेत ठराव करावा. अधिकाऱ्यांनी जनावर मारले गेल्यास पंचनामा व नुकसानभरपाई यांत विलंब होऊ देऊ नये. भरपाई उशिरा मिळाली की त्याचा राग वाघावर निघतो. कोलाम व गोंड समाजांतील तरुणांना वाटाड्याचे शिक्षण मिळावे, कारण रान वाचण्याची विद्या त्यांच्याकडे पिढ्यांपासून आहे.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विशेष विनंती आहे. अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या कित्येक मुलांनी जंगल आतून पाहिलेले नसते. वाघ त्यांना केवळ मोठ्यांच्या भीतीतून ठाऊक असतो. वर्षाची सहल ठरविताना दूरच्या शहराऐवजी एक सकाळ आपल्याच जंगलासाठी राखून ठेवावी. जाण्यापूर्वी वर्गात झाडांची व पाऊलखुणांची ओळख करून द्यावी आणि परतल्यावर मुलांकडून टिपणे लिहवून घ्यावीत. उद्या याच मुलांतून सरपंच, वनरक्षक आणि शेतकरी व्हावयाचे आहेत. त्यांच्या बांधावर वाघ आला, तर त्या दिवशी काय करावयाचे याचा निर्णय त्यांच्याच हाती असणार आहे. त्या निर्णयाची तयारी आपण आजच केली पाहिजे.