पटावर नसलेलं लेकरू

चुलीपुढं बसून ऐकताय त्यांना नमस्कार, आणि गटाच्या बैठकीत रेडिओ मधे ठेवून ऐकताय त्यांनाही. मी एका लहान गावातली अंगणवाडी सेविका. आज माझ्या पटाविषयी बोलणार आहे आणि माझी एक चूकही सांगणार आहे.

कागदावर माझा पट पूर्ण होता. तीन ते सहा वर्षांची सगळी मुलं नोंदलेली. मग एकदा पोलिओचे डोस पाजायला घरोघर फिरत होते. एका घरात कणगीच्या आड चार वर्षांची मुलगी बसलेली दिसली. मी हाक मारली, तिनं मान वळवली नाही. आजी म्हणाली, "ती तशीच आहे बाई. तिला काही कळत नाही. तिचं नाव कशाला लिहिता?"

सर्वेक्षणाला मी त्याच घरी जाऊन आले होते. "अंगणवाडीत येण्याजोगी मुलं किती?" असं विचारलं होतं. त्यांनी "एक" सांगितलं, मी एक लिहिलं. आजी खोटं बोलली नव्हती, माझा प्रश्नच चुकला होता. आता मी विचारते, "या घरात लेकरं किती, आणि आत्ता प्रत्येक जण कुठं आहे?" एवढ्या बदलानं माझ्या पटावर तीन नावं वाढली.

मैत्रिणींनो, अंगणवाडी या शब्दातच आपलं काम सांगितलेलं आहे. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. बालवाडी उघडली तरी गरीब पाड्यावरची मुलं येईनात. तेव्हा या बाया मुलांच्या अंगणात जाऊन बसल्या. मूल येत नाही तर शाळेनं मुलाकडं जावं, असा तो विचार. पुढं 2 ऑक्टोबर 1975 ला सरकारी बालविकास योजना आली आणि अंगणवाड्या देशभर पोचल्या.

मग जे लेकरू ऐकत नाही, चालत नाही, इतरांसारखं बोलत नाही, त्याच्या अंगणात कोण जाणार? दिव्यांगांसाठी 2016 साली नवा कायदा झाला. त्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व धरलेलं आहे, आणि सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पण सहाच्या आधीची वर्षं फार मोलाची असतात. भाषा त्याच वयात रुजते. विशेष मुलांची शाळा बहुतेक खेड्यांपासून लांब असते. जवळची सरकारी जागा म्हणजे आपली अंगणवाडी. दिव्यांग बालकांना अंगणवाडीत कसं सामावून घ्यायचं, याची वेगळी कार्यपद्धती केंद्र सरकारनं नोव्हेंबर 2023 मध्ये काढली. लवकर ओळखा, इतरांबरोबर बसवा, पुढच्या उपचाराला पाठवा, असा तिचा सरळ अर्थ.

ओळखायचं कसं? सहा महिन्यांचं बाळ आवाजाकडं वळत नसेल, दीड वर्षाचं चालत नसेल, दोन वर्षांचं दोन शब्द जोडत नसेल, तर वाट बघू नका. "याचा मामाही उशिराच बोलला" असं आपण म्हणतो. मामा बोलला, चांगलं झालं. तरी तपासून घ्यायला काय हरकत आहे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. हा कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरहून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते, आणि गरज असेल तर पुढं जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात.

त्या मुलीलाही पाठवलं. तिला ऐकू येत नव्हतं. समज अगदी नीट होती. जिल्ह्याला जायचं म्हणजे आईची दिवसाची मजुरी बुडणार आणि एसटीचं भाडं वेगळं. तेव्हा आमच्या बचत गटानं भाड्याचे पैसे दिले, आणि प्रत्येक खेपेला एक बाई सोबत गेली. कानाचं यंत्र मिळालं. पोर लगेच बोलायला लागली असं मी सांगणार नाही. हळूहळू चाललंय. पण ती रोज येते आणि माझ्या तोंडासमोर बसते. बाकीची पोरं तिला हाक मारत नाहीत, खांद्यावर हात ठेवतात. हे मी शिकवलेलं नाही.

माझ्या वर्गात आता बंजारा बोली बोलणारी मुलं आहेत, पायात जोर नसलेला एक मुलगा आहे, आणि सकाळी आजोबा खांद्यावरून आणून सोडतात अशी एक मुलगी आहे. गाणी सगळ्यांची एकच, खाऊही एकच.

अजून एक गोष्ट. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जोड्या निघतात. लेकरू इथल्या अंगणवाडीतून जातं आणि कारखान्याच्या तळावर कुणाच्याच पटावर चढत नाही. दिव्यांग लेकरू असेल तर हाल दुप्पट. निघण्याआधी सेविकेला सांगा. पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद करता येते.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक काम करा. प्रत्येकीनं आपल्या आळीतली सहा वर्षांखालची लेकरं बोटांवर मोजा. मग सेविकेच्या पटाशी ताडून बघा. आकडा जुळला तर उत्तम. नाही जुळला, तर त्या घरी दोघी मिळून जा. सल्ला द्यायची घाई करू नका. आधी चहा घ्या, लेकराला मांडीवर घ्या, नाव विचारा. आमच्या गावात त्या आजीला तिच्या नातीचं नाव चार वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं.