कॅम्बर आर्म घेण्याआधी हातात एक कागद घ्या

इनबॉक्समध्ये सध्या एकच प्रश्न फिरतोय. "दादा, गाडी लोअर केली, आता मागची चाकं वरून आत झुकलेली दिसतात. कॅम्बर किट कुठलं घेऊ?" उत्तर देतो. पण आधी माझी फजिती ऐका, म्हणजे उत्तर असं का देतोय ते कळेल.

माझ्याकडे २०१७ ची ऑक्टाविया आरएस आहे, २३० हॉर्सपॉवरची. सेकंडहँड घेतली आणि महिन्याभरात लोअरिंग स्प्रिंग टाकल्या. गाडी ३० मिलीमीटर खाली बसली. दिसायला एकदम कडक! गॅरेजवाल्याने पुढचं अलाइनमेंट करून दिलं. मागचं त्यानेही पाहिलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मग एकदा पावसाळ्यात आई-बाबांना घेऊन मुंबईला निघालो. एक्सप्रेस-वेला लागण्याआधी मागच्या डाव्या चाकाची हवा कमी वाटली, म्हणून पंक्चरच्या दुकानात थांबलो. काकांनी चाक काढलं, आडवं केलं, आतल्या कडेवरून हात फिरवला आणि मला बोलावलं. बाहेरून टायर जवळपास नवा, आणि आतल्या बाजूला तारा दिसत होत्या. काका एवढंच म्हणाले, "साहेब, ह्याच्यावर घाट उतरणार होतात?" मागच्या सीटवर आई बसली होती. मला काही बोलताच आलं नाही.

आता हे झालं कसं? चाक वरून आत झुकलं की त्याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. थोडा निगेटिव्ह कॅम्बर चांगलाच असतो. वळणावर गाडी कलते तेव्हा टायर रस्त्यावर सपाट टेकतो. ऑक्टाविया आरएससारख्या मल्टिलिंक सस्पेन्शनमध्ये गाडी खाली बसली की हा कॅम्बर आपोआप वाढतो. स्टँडर्ड गाडीला मागे साधारण उणे एक ते दोन अंशांच्या मध्ये असतो. माझा निघाला डावीकडे उणे २.९ आणि उजवीकडे उणे २.६.

पण थांबा, खरा चोर तो नव्हताच. कागदावर दुसरा आकडा होता टोचा. टो म्हणजे वरून पाहिलं तर चाक सरळ आहे की फेंगडं. डावं चाक पाव अंश बाहेर वळलेलं होतं. पाव अंश म्हणजे काय मोठं, असं वाटेल. हिशोब करा. पाव अंशाला टायर दर किलोमीटरमागे सव्वाचार मीटरहून जास्त आडवा घासतो. मुंबई-पुणे एक्सप्रेस-वे साधारण ९४ किलोमीटरचा आहे. म्हणजे एका फेरीत चारशे मीटर टायर आडवा फरफटत नेल्यासारखं झालं! कॅम्बरने सगळा भार आतल्या कडेवर टाकला आणि टोने ती कड कानशीसारखी घासली.

म्हणून पहिला नियम. पार्ट शोधण्याआधी चारही चाकांच्या अलाइनमेंटची प्रिंट घ्या. टाकीत नेहमीइतकं पेट्रोल, टायरमध्ये बरोबर हवा, आणि मगच मोजायचं. त्या कागदाशिवाय किट घेणं म्हणजे नंबर न काढता चष्मा घेण्यासारखं आहे.

दुसरं, गाडीखाली वाकून बघा. पोलो जीटी, स्विफ्ट ह्यांना मागे टॉर्शन बीम असतो, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा. तिथे बदलायला कॅम्बर आर्मच नसतो. फार तर चाकाच्या बुडाशी पाचरीसारख्या चकत्या बसवता येतात. पोस्ट बघून आर्म ऑर्डर कराल आणि तो बसवायला जागाच नसेल!

मल्टिलिंक असेल तर आधी कंपनीचीच सोय वापरून बघा. ऑक्टावियामध्ये वरच्या आर्मच्या आतल्या टोकाला एक्सेंट्रिक बोल्ट असतो. तो फिरवला की कॅम्बर थोडा बदलतो. खालच्या, स्प्रिंग बसलेल्या आर्मच्या बोल्टने टो बदलतो. आकडा तेवढ्यात जमला तर एक रुपयाही खर्च करू नका. माझे बोल्ट शेवटपर्यंत फिरवूनही कॅम्बर उणे २.३ च्या अलीकडे येईना, म्हणून आर्म घ्यावा लागला.

आता आर्म कुठला? वरचा आर्म लांब केला की चाकाचं डोकं बाहेर जातं आणि निगेटिव्ह कॅम्बर कमी होतो. खालचा आर्म आखूड केला तरी तेच होतं, पण ह्या गाडीत त्याच्यावर स्प्रिंग बसते, गाडीचं वजन तोच पेलतो. तिथे स्वस्तातला, वेल्डिंग कसं केलंय ते माहीत नसलेला आर्म लावायची हिंमत करू नका. रोजच्या गाडीला वरचा ॲडजस्टेबल आर्म हा सरळ मार्ग.

मग सांधा कुठला ते बघा. तीन प्रकार मिळतात. रबर बुश शांत असतो आणि रोजच्या वापराला बरा. पॉलियुरेथेन थोडा कडक, ग्रीस कमी पडलं की कुरकुरतो. तिसरा म्हणजे धातूचा गोल सांधा, ज्याला रोझ जॉइंट म्हणतात. ट्रॅकवर तो एकदम अचूक, पण आपल्याकडच्या धुळीत, चिखलात लवकर सैल होतो आणि मग मागून खडखड चालू. हार्डरेससारखे ब्रँड रबर आणि धातू दोन्ही देतात, सुपरप्रो पॉलियुरेथेनसाठी ओळखला जातो. नाव बघून घेऊ नका. तुमची गाडी महिन्यातून किती वेळा ट्रॅकवर जाते ते स्वतःला खरं खरं सांगा. माझी? शून्य वेळा. मी रबर घेतला.

अजून एक बघायचं. आर्म गाडीवरच फिरवून लांब-आखूड करता येतो का? काहींना दर वेळी एक टोक सोडवावं लागतं, मग अलाइनमेंटवाला कंटाळतो आणि "चालतंय" म्हणून सोडून देतो. आणि फेंडर तपासा. वरच्या आर्मने एक अंश कॅम्बर कमी केला की टायरचं डोकं अंदाजे सहा ते आठ मिलीमीटर बाहेर येतं. रुंद व्हील असतील तर खड्ड्यात घासेल.

बसवताना तीन गोष्टी डोक्यात ठेवा. रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे, हवेत लटकलेली असताना नाही, नाहीतर बुश कायमचा पिळलेला राहतो. आधी कॅम्बर, मग टो, कारण कॅम्बर हलवला की टोही हलतो. आणि पाच-सातशे किलोमीटरनंतर लॉकनट पुन्हा तपासायचे.

माझी गाडी आता दोन्हीकडे उणे १.६ वर आहे, टो किंचित आत. नवे टायर सहा महिन्यांनंतरही सारखे झिजतायत. आणि हो, एक सवय लागली. दर रविवारी गाडी धुताना मागच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवतो, त्या काकांनी फिरवला होता तसाच.

तुम्हीही आज खाली जा आणि हात फिरवून बघा. काय सापडलं ते मेसेज करून कळवा. भेटू पुढच्या भागात!