पाकोळ्या घरातून काढा, शिवारातून नको
(शिरूर-दौंड भागातील जिरायत शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्वारीच्या भावावर बोलून झाले, विजेच्या बिलावर बोलून झाले. आता आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत, तो ऐकून मागे बसलेली मंडळी हसतील. विषय आहे पाकोळ्यांचा. दिवसा तारेवर बसणाऱ्या, मातीची घरटी करणाऱ्या पक्ष्यांनाही काही गावांत पाकोळ्याच म्हणतात. त्यांच्याबद्दल आम्ही बोलत नाही. दिवसा माळवदाच्या फटीत उलट्या लटकणाऱ्या आणि दिवेलागणीला बाहेर पडणाऱ्या लहान वाघळांबद्दल बोलतो आहोत. हसून झाले की ऐका, कारण या विषयात खर्चाचाही हिशोब आहे आणि जिवाचाही.

शिरूर तालुक्यात पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईकडे जा, नाहीतर दौंडच्या जिरायत पट्ट्यात कुसेगाव, पडवी, जिरेगाव, रोटीकडे जा. चित्र एकच दिसते. रस्त्याच्या कडेला नवे स्लॅबचे घर झाले आणि जुना वाडा मागे राहिला. त्याच्या माळवदाखाली आता कडबा, बारदान, पेंडीची पोती आणि मोडके औत. माणसाचा वावर कमी झाला, तुळयांच्या फटी रुंदावल्या, आणि पाकोळ्या राहायला आल्या. कुठे पत्र्याच्या गोठ्यात आल्या, कुठे कौलांखाली. सून म्हणते वास येतो. म्हातारी म्हणते अपशकुन आहे. पोरगा म्हणतो धूर घालू, नाहीतर फवारा मारू.

त्या पोराला थांबवायचे आहे, म्हणून आज बोलतो आहोत.

पहिल्यांदा पाकोळीची बाजू ऐकून घेऊ. पाकोळी कडबा खात नाही, दाणा खात नाही. उंदरासारखे तिचे दात वाढत राहत नाहीत, म्हणून ती लाकूड कुरतडत नाही, वायर तोडत नाही, भिंत पोखरत नाही. आधीच असलेल्या फटीत ती राहते. लेंडी तिची की उंदराची, हे काडीने दाबून पाहावे, बोटाने नाही. उंदराची लेंडी कडक असते. पाकोळीची चुरा होते आणि त्यात किड्यांच्या पंखांचा चकाकणारा भुगा दिसतो. तो भुगा म्हणजे तिने रात्रभर आपल्या रानात केलेल्या कामाची पावती.

जुन्या वाड्यात आणखी एक वाघूळ असते. राखी रंगाचे, लांब कानांचे, बिनशेपटीचे. रात्री ते आढ्याला बसून भक्ष्य खाते आणि खाली बेडकाचे पाय, पालीची शेपटी, टोळाचे पंख पडलेले असतात. घरचे लोक घाबरतात, कोणी करणी केली म्हणतात. करणी वगैरे काही नाही. हे वाघूळ मोठे किडे, पाली, बेडूक पकडते आणि उंदीरही पकडते. म्हणजे आपल्या कणगीच्या चोरावर त्याची नजर असते.

आता शिवारातला हिशोब. आपल्या पिकाला खाणाऱ्या अळ्यांचे पतंग रात्री उडतात. ज्वारीच्या खोडकिड्याचा पतंग रात्रीचा. कपाशीच्या हिरव्या आणि गुलाबी बोंडअळीचे पतंग रात्रीचे. २०१८ साली आपल्या राज्यात आलेली नवी लष्करी अळी मक्यावर तुटून पडली आणि ज्वारीतही शिरली, तिचाही पतंग रात्रीचाच. रात्री रानात आपण नसतो, पक्षी नसतात. त्या वेळी हवेत शिकार करते ती पाकोळी. एका मादी पतंगाची अंडी शेकड्यांत मोजावी लागतात. अंडी घालण्याआधी तिला खाल्ले तर पुढची सगळी पिढीच गेली.

हे आमचे मनचे नाही. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या आठ कौंट्यांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या कपाशीचे उत्पन्न वर्षाला ४६ ते ६४ लाख डॉलर. वाघळे बोंडअळीचे पतंग खातात, त्यामुळे वाचणारे पीक आणि वाचणारी फवारणी मिळून सुमारे ७ लाख ४१ हजार डॉलर. म्हणजे कपाशीच्या एका रुपयामागे बारा ते सोळा पैसे. तिथल्या गुहांत वाघळे लाखोंच्या संख्येने आहेत, आपल्या वाड्यात पन्नास-शंभर. म्हणून तो आकडा जसाच्या तसा आपल्या सातबाऱ्यावर चढवू नका. पण दिशा तीच आहे. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या मुखाजवळ भातशेती आहे. तिथे शेताच्या कडेला पाकोळ्यांसाठी लाकडी खोकी लावली आणि भाताचा खोडकिडा आटोक्यात आल्याचे २०१५ साली मांडले गेले. तो खोडकिडा आपल्या ज्वारीच्या खोडकिड्याचा चुलतभाऊ आहे.

शेवगाव-पाथर्डीकडून आलेल्या कपाशीवाल्या पाहुण्यांना फवारणीचा खर्च आम्ही सांगायला नको. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने राज्यभर बोंडे पोखरली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. उघड्या रानात जे औषध माणसाला मारते, ते बंद वाड्यात, कडब्याच्या शेजारी आणि दुभत्या जनावरांच्या डोक्यावर मारायचे काय? विष खाल्लेली पाकोळी लगेच मरत नाही. ती तडफडत अंगणात पडते आणि लेकरू ती उचलायला जाते. बाकीच्या फटीत मरतात आणि पंधरा दिवस घरात कोणी बसू शकत नाही. मिरचीचा धूर घातला तर पाकोळ्या आणखी आत घुसतात, आणि ठिणगी कडब्यात पडली तर वर्षाचा चारा गेला. डांबराच्या गोळ्यांचा वास पाकोळ्यांआधी आपल्याच नाकात आणि डोक्यात जातो. काठीने झोडपले तर रक्त-लाळ अंगावर येते.

आजाराबद्दलही सरळ बोलू. महाबळेश्वरच्या एका गुहेतील वाघळांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये घेतले. त्यात निपाह विषाणूच्या खुणा सापडल्याचे २०२१ साली जाहीर झाले आणि गावोगाव घबराट उडाली. त्या वेळी महाराष्ट्रात निपाहचा एकही रुग्ण नव्हता. २०१८ साली केरळात कोझिकोडच्या बाजूला निपाहने १७ माणसे गेली होती, म्हणून भीती खोटी म्हणता येणार नाही. पण त्या भीतीतून काठी उचलणे हा उलटा उपाय आहे. आजार जवळीकीतून येतो, आणि झोडपण्याइतकी जवळीक दुसऱ्या कशात नाही. वाघळाला उघडा हात लावू नये. वाघळाने चावलेले, झाडाखाली पडलेले फळ खाऊ नये. चावलेच किंवा बोचकारलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारावे. वाघळाच्या चरबीच्या तेलाने सांधेदुखी जाते म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

मग काढायचे कसे? पाकोळीला मारायचे नाही आणि पकडायचेही नाही. ती रोज संध्याकाळी स्वतःच बाहेर जाते. फक्त तिला परत येऊ द्यायचे नाही. सगळी युक्ती एवढीच.

पहिली गोष्ट, वेळ. उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून पावसाळा संपेपर्यंत बहुतेक जातींची पिल्ले अंगावर असतात. उडता न येणारे पिल्लू आत राहिले आणि आपण वाट बंद केली, तर ते आत सडते आणि आई त्याच्यासाठी घरभर भिरभिरते. म्हणून हे काम रब्बी ज्वारीची पेरणी उरकल्यावर, दसऱ्यानंतर काढावे आणि काढणीच्या आत संपवावे. तेव्हा जुना कडबा संपत आलेला असतो, नवा यायचा असतो, वाडा मोकळा असतो. तरी लहान पाकोळ्यांच्या काही जाती वर्षातून एकाहून जास्त वेळा वितात. म्हणून काम सुरू करण्याआधी बॅटरीवर लाल कागद लावून फटीत पाहा. बिनकेसाची गुलाबी पिल्ले दिसली तर महिना-दीड महिना थांबा.

दुसरी गोष्ट, वाट शोधणे. दोन-तीन संध्याकाळी घरातली दोन माणसे वाड्याच्या दोन बाजूंना बसवा. पाकोळ्या कुठून निघतात ते पाहा आणि मोजा. त्या फटीच्या कडेला तेलकट काळा डाग असतो, खाली लेंड्या असतात. करंगळी जाईल एवढी फटही पाकोळीला पुरते.

तिसरी, बाकीच्या फटी बुजवणे. जिथून त्या निघतात ती एक-दोन भोके सोडून उरलेल्या सगळ्या फटी बंद करा. तुळई आणि भिंत यांच्यामध्ये चुना-वाळू, पत्र्याच्या नळ्यांच्या तोंडाला बारीक जाळी. हे काम पाकोळ्या बाहेर गेल्यावर, रात्री करा.

चौथी, पडदा. सोडलेल्या भोकावर शेडनेटचा तुकडा लावा. वरून आणि दोन्ही बाजूंनी पट्टी ठोकून पक्का करा, खालून मोकळा ठेवा. भोकाच्या खाली दीड-दोन फूट लोंबू द्या आणि भिंतीपासून थोडा सैल ठेवा. पाकोळी भोकातून निघते, जाळीच्या आतून खाली सरपटते आणि उडून जाते. परत येते तेव्हा ती थेट भोकाशी उतरू पाहते. तिथे जाळी असते आणि खालची वाट तिला सापडत नाही. मासे धरायची जाळी वापरू नका, त्यात पंख अडकतात. उंदरांचा चिकट कागदही लावू नका. पडदा सात-आठ रात्री ठेवा. एकही पाकोळी निघत नाही याची दोन संध्याकाळी खात्री करा, मग भोक बुजवा.

पाचवी, सफाई. वाळलेल्या लेंड्या झाडू मारून उडवू नका. त्या धुळीतली बुरशी छातीत गेली तर फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो. नाका-तोंडावर चांगला मास्क, हातात मोजे, आणि आधी पाणी शिंपडून ओले करा. मग फावड्याने गोळा करून उकिरड्याच्या खड्ड्यात घाला आणि वर माती टाका. ते नत्राचे चांगले खत आहे, ते विकत आणावे लागत नाही.

चुकून एखादी पाकोळी राहत्या घरात शिरली तर पंखा बंद करा, दिवा मालवा, दारे-खिडक्या उघडा आणि बाहेर बसा. ती आपली जाते. जमिनीवर पडलेली पाकोळी बहुतेक वेळा तिथून उडू शकत नाही. जाड फडक्यात धरून तिला झाडाच्या खोडाला, उंचावर लावून द्या.

आता शेवटचा आणि आमच्या मते मुख्य मुद्दा. घरातून काढलेली पाकोळी जाणार कुठे? जुने वाडे पडत आहेत, बांधीव विहिरी बुजवल्या जात आहेत, बांधावरची ढोली असलेली झाडे तोडली जात आहेत. प्रत्येकाने आपापल्या घरातून हाकलले आणि गावाने कुठेच जागा ठेवली नाही, तर रात्रीचा राखणदार शिवारातून कायमचा गेला. मग त्याचे काम आपल्याला दुकानातून बाटलीत विकत घ्यावे लागेल. म्हणून वाट बंद करण्याआधी जागा द्या. वाड्याचा राहता भाग बंद करा, पण मागची पडकी खोली, जिथे माणूस जात नाही आणि धान्य ठेवत नाही, ती तशीच राहू द्या. कोरड्या बांधीव विहिरीचे कोनाडे राहू द्या, मात्र विहिरीला कठडा घाला. जुन्या फळ्यांचे खोके करा. आतली जागा दोन सेंटिमीटर, आतून खरबरीत, खालून उघडे. ते पंधरा फुटांवर, दुपारचे ऊन लागणार नाही अशा बाजूला ठोका. पाकोळ्या लगेच येतील असे नाही, पण खोक्याला खर्च जुन्या फळीचा आणि चार खिळ्यांचा.

सरकारची गोष्टही ऐका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळे खाणारी वाघळे उंदीर आणि कावळ्याच्या पंगतीत उपद्रवी म्हणून बसवली होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. सरकारला हे समजायला पन्नास वर्षे लागली. आपल्याला एवढा वेळ परवडणार नाही, कारण बोंडअळीचे आणि खोडकिड्याचे नुकसान सरकारच्या खात्यावर पडत नाही, आपल्या खात्यावर पडते.

तेव्हा गावी गेल्यावर एक काम करा. गावातले रिकामे वाडे, बांधीव विहिरी आणि पडकी देवळे यांची यादी करा. कुठे पाकोळ्या आहेत, किती निघतात, त्यांच्याखाली धान्य आहे की नाही, एवढे लिहा. जिथे माणसाला त्रास आहे तिथे पेरणीनंतर दोन पोरांना घेऊन पडदा लावा. जिथे त्रास नाही तिथे हात लावू नका. पुढच्या बैठकीला याद्या घेऊन या. कोणत्या गावात काय जमले आणि कुठे अडले, ते सगळ्यांसमोर बोलू.